पाच बादल्या दूध

जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' (मालकाला हाकलून जनावरं शेत ताब्यात घेतात आणि पुढे डुकरंच नवे मालक होतात, ही रशियन क्रांतीवरची रूपककथा) वाचलेल्या कुणालाही विचारा, त्या शेतावरची क्रांती नेमकी नासली कधी? कुणी शेवटचा प्रसंग सांगतो: डुकरं आणि माणसं एकाच टेबलाशी पत्ते खेळताहेत आणि खिडकीबाहेरच्या जनावरांना कोण कुठलं ते ओळखता येईनासं झालंय. कुणी बॉक्सर घोड्याला घोडे कापणाऱ्याच्या गाडीत घातलं तो दिवस सांगतो. राजकारणात जरा मुरलेला वाचक स्नोबॉल या पुढारी डुकराच्या अंगावर नऊ कुत्रे सोडले त्या रविवारचं नाव घेतो. मीही बरीच वर्षं तेच सांगायचो. पुस्तक तीनदा वाचून झालं तरी दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटची एक कोंबडी माझ्या नजरेतून सुटली होती.

हे टिपण त्या कोंबडीबद्दल आहे, आणि ती ज्याविषयी बोलली त्या पाच बादल्या दुधाबद्दल.

ती सकाळ

शेताच्या दारुड्या मालकाला, जोन्सला, हाकलून दिल्यानंतरची सकाळ. फाटकावरचं 'मेनर फार्म' पुसून नवं नाव रंगवून झालंय. स्नोबॉल शिडीवर चढून कोठाराच्या डांबर फासलेल्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत सात आज्ञा लिहितो. काही पायऱ्या खाली स्क्वीलर हे बोलघेवडं डुक्कर रंगाचा डबा धरून. एका शब्दाचं स्पेलिंग चुकतं, एक अक्षर उलटं पडतं, बाकी सगळं झकास. आता गवत कापायला निघायचं, तेवढ्यात तीन गायी हंबरायला लागतात.

दारात दुभतं जनावर असलेल्या घरात वाढलेल्यांना पुढचं सांगायला नको. चोवीस तास धार काढलेली नाही, कास तटतटलेली. डुकरं बादल्या मागवतात आणि बऱ्यापैकी धार काढतात. डुकराचे खूर या कामाला चांगले असतात, असं ऑर्वेल अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगतो. तो स्वतः हर्टफर्डशरमधल्या वॉलिंग्टन गावात शेळ्या-कोंबड्या पाळायचा आणि त्याच्या शेळीचं म्युरिएल हे नाव त्यानं पुस्तकातल्या शेळीलाही दिलंय. धार काढणं काय असतं ते त्याला हातानं माहीत होतं. तर, सायीच्या फेसाळ दुधाच्या पाच बादल्या भरतात आणि जनावरं त्यांच्याकडे बघत राहतात.

कुणीतरी विचारतं, एवढ्या दुधाचं करायचं काय? एक कोंबडी म्हणते, जोन्स कधीमधी थोडं आमच्या खाण्यात कालवायचा.

डुकरांचा दुसरा पुढारी नेपोलियन बादल्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. दुधाचं सोडा, त्याचं बघता येईल, कापणी महत्त्वाची. स्नोबॉल पुढे जाईल, मी आलोच मागून. जनावरं शेतात जातात. संध्याकाळी परततात तेव्हा दूध नाहीसं झालेलं असतं. प्रकरण तिथेच संपतं.

कोंबडीचं वाक्य पुन्हा वाचा. ती समतेची मागणी करत नाहीये, तिला तो शब्द सुचलेलाही नाही. ती फक्त जुन्या धन्याच्या राज्यातली एक साधी गोष्ट आठवून सांगते. आणि तिच्या त्या वाक्यातून कळतं, की स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी कोंबड्यांना जोन्सच्या काळापेक्षा कमी मिळालं. नेपोलियनही नाही म्हणत नाही. तो 'बघू' म्हणतो. आपल्याकडे सरकारी कचेरीत एकदा जरी चक्कर मारली असेल, तर 'बघू' या शब्दाचं वजन वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

आज्ञा मोडलीच नाही

भिंतीवरचा रंग अजून ओला आहे. दोन पायांवर चालतो तो शत्रू. चार पायांवर चालतो किंवा ज्याला पंख आहेत तो मित्र. कपडे घालायचे नाहीत, पलंगावर झोपायचं नाही, दारू प्यायची नाही, दुसऱ्या जनावराला मारायचं नाही. सगळी जनावरं समान. पुढे यांतल्या आज्ञा एकेक करून दुरुस्त होतात. पलंगाच्या आज्ञेला चादरींची शेपटी चिकटते, दारूच्या आज्ञेत 'अती' घुसतं, मारण्याच्या आज्ञेत 'विनाकारण'. एका रात्री तर स्क्वीलर शिडीसकट खाली आपटलेला सापडतो, शेजारी रंगाचा डबा सांडलेला. वाचक हसतो, कारण लबाडी ढळढळीत दिसते.

दुधासाठी मात्र कुणाला शिडी चढावी लागली नाही. पहिल्या सहा आज्ञांत दुधाला हात लावणारं काही नाही. सातवी 'समान' म्हणते, पण समान म्हणजे किती माप, वाटणारा कोण, आणि वाटप चुकलं तर दाद कुणाकडे मागायची, याबद्दल चकार शब्द नाही. त्या आज्ञा गेलेल्या मालकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या आहेत: त्याच्यासारखे कपडे नकोत, त्याच्यासारखा पलंग नको, त्याची दारू नको. येणाऱ्या मालकाचा विचार त्यात नाही, कारण आता मालकच नसणार अशी सगळ्यांची खात्री होती.

रविवारी सभा भरते. झेंडा चढतो, गाणं होतं, मतदान होतं. पण ठराव नेहमी डुकरंच मांडतात. मत कसं द्यायचं ते बाकीच्यांना समजतं, स्वतःचा ठराव मात्र कुणाला सुचत नाही. मला इथे दर वेळी सोसायटीची वार्षिक सभा आठवते. विषयपत्रिकेच्या तळाशी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' अशी ओळ असते आणि तिथवर पोचेपर्यंत निम्मी माणसं वेफर्सची बशी रिकामी करून निघून गेलेली असतात. कोंबडीचा प्रश्न त्या ओळीतला होता. तो कोणत्याच रविवारी पटलावर आला नाही.

दूध गेलं कुठे ते तिसऱ्या प्रकरणात उघड होतं. ते रोज डुकरांच्या आंबोणात कालवलं जात होतं. तोवर सफरचंदं पिकू लागलेली असतात. झाडाखाली पडलेली सफरचंदं आपसूक सगळ्यांत वाटली जातील असं जनावरांनी धरून चाललेलं असतं. एक दिवस हुकूम निघतो: सगळी गोळा करून खोगीरखोलीत आणायची, डुकरांसाठी.

ही खोगीरखोली नीट बघून ठेवण्यासारखी आहे. घोड्यांचं सामान ठेवायची ती जागा डुकरांनी आपली कचेरी म्हणून घेतलीय. त्याच दिवसांत जेसी आणि ब्लूबेल या कुत्र्या व्यायल्या, दोघींची मिळून नऊ पिल्लं झाली, आणि दूध सुटताच ती नेपोलियननं काढून नेली. त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी माझी, म्हणाला. ठेवली कुठे? एका माळ्यावर, जिथे फक्त खोगीरखोलीतूनच शिडी लावून चढता येतं. सफरचंदं खाली, पिल्लं वर. ऑर्वेलनं हे दोन्ही एकामागोमाग, जेमतेम पानभराच्या अंतरात सांगून टाकलंय आणि त्यावर एकही शेरा मारलेला नाही. जनावरं पिल्लांना लवकरच विसरून जातात.

'आम्हाला तर आवडतही नाही'

सफरचंदांवरून थोडी कुजबुज होते, तेव्हा स्क्वीलरला खुलासा करायला पाठवलं जातं. त्याचं ते छोटं भाषण मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून कुठेही शिकवावं असं आहे. आम्ही हे स्वार्थापोटी करतो असं तुम्हाला वाटतं की काय? आमच्यापैकी कितीकांना दूध-सफरचंदं आवडतही नाहीत, मला स्वतःला नाहीत. पण डुकराच्या प्रकृतीला ती लागतातच, हे विज्ञानानं सिद्ध झालेलं आहे. आम्ही डोक्यानं काम करणारे. शेताचा सगळा कारभार आमच्या माथी. तुमच्यासाठीच आम्ही ते दूध पितो. आमच्या हातून कर्तव्यात कसूर झाली तर काय होईल, ठाऊक आहे ना? जोन्स परत येईल!

बघता बघता दुधाचं औषध झालं, आणि ते पिणं हा त्याग झाला. प्रश्न विचारणारा मात्र जोन्सचा माणूस ठरला. शेवटचं एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं सजावट आहे. जोन्स परत यावा असं शेतावर कुणालाच वाटत नव्हतं, आणि ती भीती खोटीही नव्हती. तो खरंच एकदा माणसं घेऊन चालून येतो. खऱ्या भीतीच्या आडोशानं खोटा हिशेब खपवता येतो, हे स्क्वीलरला फार लवकर कळलं होतं.

1945 साली हे वाचणाऱ्या इंग्लिश माणसाला दुधाचं वाटप म्हणजे काय ते रोजच्या व्यवहारातून माहीत होतं. युद्धामुळे सगळं रेशनवर होतं. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांना रोज एक पाइंट दूध स्वस्तात किंवा फुकट मिळावं अशी योजना 1940 पासून चालू होती. म्हणजे कुणाला जास्त द्यायचं ते गरजेवरून ठरत होतं, आणि ती गरज सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होती. ऑर्वेलची बायको आयलीन ब्रिटिश अन्न खात्यातच काम करत होती. रात्री तिला नवं लिखाण वाचून दाखवायची त्याची पद्धत होती. स्क्वीलरचं 'प्रकृतीला लागतं' हे त्या घरात नुसतं हास्यास्पद वाटलं नसणार. खऱ्या नियमाची ती हुबेहूब नक्कल होती.

आता बाकीचे कुठे होते ते बघू. बॉक्सरला मुळाक्षरं चौथ्या अक्षरापलीकडे जात नव्हती आणि आणखी कष्ट करायचे एवढं एकच उत्तर त्याच्याकडे होतं. क्लोव्हर घोडीला काहीतरी खटकत असे, पण ते शब्दांत धरता येत नसे. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकंच उत्तम वाचता यायचं. तो गप्प राहिला, कारण वाचण्यासारखं काही नाही असं त्याचं मत. (शिकलेल्यांची ही जात मला डुकरांपेक्षा जास्त चिडवते, पण ते असो.) आणि स्नोबॉल? बहुतेक वाचक त्याला मनातल्या मनात चांगल्या बाजूला ठेवतात. तो हुशार, हौशी, पवनचक्कीची स्वप्नं बघणारा आणि पुढे अन्यायानं हाकललेला. पण दुधाच्या आणि सफरचंदांच्या बाबतीत झाडून सगळी डुकरं एकमतानं उभी होती, अगदी स्नोबॉल आणि नेपोलियनसुद्धा, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. एरवी एकानं पूर्व म्हटलं की दुसरा पश्चिम म्हणायचा.

म्हणून 'स्नोबॉल राहिला असता तर' या चर्चेत मला फारसा दम वाटत नाही. दूध पिणाऱ्यांत तोही होता.

बर्फावरचं बेट

1946 च्या डिसेंबरात ऑर्वेलनं ड्वाइट मॅक्डोनाल्ड या अमेरिकन संपादक-मित्राला लिहिलेल्या पत्रात स्वतःच सांगितलंय, की गोष्टीचं वळण डुकरांनी दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवली तिथे आहे. कंसात त्यानं एकच शब्द घातला: क्रोनश्टाट.

क्रोनश्टाट हा रशियातल्या पेट्रोग्राड (आजचं सेंट पीटर्सबर्ग) शहरासमोरच्या समुद्रातल्या बेटावरचा नाविक तळ. इथल्या खलाशांना 1917 साली क्रांतीचा एक पुढारी ट्रॉट्स्की यानं क्रांतीचा गौरव आणि अभिमान म्हणून डोक्यावर घेतलं होतं. 1921 च्या जानेवारीत शहरांतला आधीच तुटपुंजा पावाचा शिधा एक तृतीयांशानं कापला गेला. फेब्रुवारीत पेट्रोग्राडच्या कारखान्यांत संप सुरू झाले. काय चाललंय ते बघायला खलाशांनी माणसं पाठवली, ती परतली, आणि 28 फेब्रुवारीला 'पेत्रोपावलोव्स्क' या युद्धनौकेवर पंधरा कलमांचा ठराव झाला. सोव्हिएतांच्या (कामगार-सैनिकांनी निवडलेल्या समित्यांच्या) निवडणुका गुप्त मतदानानं नव्यानं घ्या. कामगार-शेतकऱ्यांना बोलण्याचं आणि छापण्याचं स्वातंत्र्य द्या. रस्त्यांवर झडती घेऊन लोकांचं धान्य काढून घेणारी पथकं हटवा. नववं कलम मी मुद्दाम शेवटी ठेवलंय: सगळ्या श्रमिकांना सारखा शिधा द्या, अपवाद फक्त प्रकृतीला अपायकारक कामं करणाऱ्यांचा.

म्हणजे 'प्रकृतीला लागतं' हा मुद्दा खलाशांनाही मान्य होता. फरक एवढाच, की जास्तीचा वाटा विषारी वाफेत उभं राहणाऱ्याला द्यावा, कचेरीत बसणाऱ्याला नव्हे, असं ते म्हणत होते.

सरकारी उत्तर दोन दिवसांत आलं. हा कोझलोव्स्की नावाच्या झारच्या जनरलचा आणि त्यामागे परकी हेरखात्याचा कट आहे. जोन्स परत येतोय! हा कोझलोव्स्की बोल्शेविकांनीच (लेनिनच्या सत्ताधारी पक्षानं) तोफखान्याचा जाणकार म्हणून तिथे नेमलेला होता. गोठलेल्या समुद्रावरून पहिला हल्ला फसला. दुसरा, तुखाचेव्स्की या सेनापतीच्या हाताखाली, 17 मार्चला झाला, आणि मॉस्कोत चाललेल्या पक्षाच्या दहाव्या काँग्रेसमधून (अधिवेशनातून) तीनशेच्या वर प्रतिनिधी त्या लढाईसाठी गेले. 18 मार्चला बेट पूर्ण ताब्यात आलं. त्या दिवशी पॅरिस कम्यूनला (पॅरिसच्या कामगारांनी उठाव करून उभारलेल्या राज्याला) पन्नास वर्षं होत होती आणि सरकारी समारंभ ठरल्याप्रमाणे पार पडले. सुमारे आठ हजार माणसं बर्फावरून चालत फिनलंडला गेली. मागे राहिलेल्यांपैकी दोन हजारांवर जणांना पुढच्या महिन्यांत मृत्युदंड ठोठावला गेला.

त्याच काँग्रेसनं दोन निर्णय घेतले. शेतकऱ्यांकडून धान्य ओरबाडणं थांबवून ठरावीक कर लावायचा. आणि पक्षात गट करायला बंदी. पोटाची मागणी बरीचशी मान्य झाली, मागणी करण्याची वाट मात्र पक्षाच्या आतसुद्धा बुजवली गेली.

आता अडचण अशी, की पुस्तकातल्या त्या सकाळी यांतलं काहीच नाही. बंड नाही, तोफ नाही, रक्ताचा थेंब नाही. एक डुक्कर बादलीपुढे उभं राहतं आणि बाकीचे कामाला जातात. इतकी मोठी कत्तल ऑर्वेलनं दुधाच्या बादलीत कशी बसवली? मला वाटतं, त्याला घटना दाखवायचीच नव्हती, घटकाच दाखवायची होती. जिच्यानंतर मागे फिरता येत नाही ती. त्याच पत्रात तो पुढे म्हणतो, जनावरांनी तेव्हाच पाय रोवून उभं राहण्याचं शहाणपण दाखवलं असतं तर सगळं ठीक झालं असतं.

इथे मी ऑर्वेलशी सहमत नाही. क्रोनश्टाटनं पाय रोवलेच होते. लेखी, मुद्देसूद, पंधरा कलमांत. आणि त्यांना चिरडलं गेलं. मग 'तेव्हाच विरोध केला असता तर' याला काय अर्थ राहिला?

उत्तर त्याच्याच गोष्टीत आहे, त्या माळ्यावर. ज्या दिवशी कोंबडीनं दुधाची आठवण काढली, त्या दिवशी नऊ पिल्लं अजून जन्मलीच नव्हती. नेपोलियनजवळ स्वतःच्या अंगाशिवाय बादल्यांपुढे उभं करायला काहीही नव्हतं. तीन गायी, दोन थोराड घोडे आणि कोंबड्या एवढ्यांनी 'आधी माप घेऊ, मग गवताला जाऊ' म्हटलं असतं, तर त्याला बाजूला व्हावं लागलं असतं. 1921 च्या मार्चपर्यंत रशियातली पिल्लं कधीच मोठी झाली होती. चेका ही गुप्त पोलिसांची यंत्रणा 1917 च्या डिसेंबरातच उभी राहिली. वर्तमानपत्रं बंद करण्याचा हुकूम तर सत्ता हाती आल्याच्या दुसऱ्याच दिवसाच्या आसपासचा, आणि परिस्थिती सुरळीत झाली की तो उठवू, असं त्याच हुकमात लिहिलेलं होतं. निवडून आलेली संविधान सभा 1918 च्या जानेवारीत एका दिवसात गुंडाळली गेली. क्रोनश्टाटचे खलाशी तेव्हा बोल्शेविकांच्या बाजूनं उभे होते. म्हणजे रशियातल्या दुधाच्या बादल्या 1921 च्या नव्हेत, 1918 च्या आहेत. खलाशांनी प्रश्न विचारला तेव्हा माळ्यावरची शिडी खाली आलेली होती.

ऑर्वेलची तारीख चुकली, पण त्याच्या गोष्टीतला क्रम चुकला नाही: आधी दूध, मग पिल्लं, मग सफरचंदं आणि खुलासा. कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो खरं, पण ती म्हण शेत फस्त झाल्यावर सुचते. पहिलं पान तोंडात गेलं तो दिवस कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि सुरुवातीला हे सगळे लबाडच होते असंही नाही. 1918 च्या मे महिन्यात लेनिनच्या कचेरीनं त्याचा पगार महिना पाचशे रुबलवरून आठशेवर नेला, तेव्हा त्यानं संबंधितांना लेखी, कडक ताकीद दिली. वरिष्ठाला कुशल कामगाराइतकंच मिळावं हे तत्त्व त्याला खरोखर पाळायचं होतं. पक्षसदस्यांच्या पगारावर कमाल मर्यादाही होती. स्टालिनच्या काळात, 1932 साली, ती गाजावाजा न करता काढून टाकण्यात आली; त्याच वर्षी युक्रेनमध्ये माणसं भुकेनं मरत होती. मधल्या चौदा वर्षांत ती मर्यादा टिकली ती वरच्या माणसांच्या मर्जीवर. खालून माप तपासणारं कुणी नव्हतं. लेनिनची ताकीद प्रामाणिक होती, पण ती ताकीद लेनिनच देऊ शकत होता.

लोकहितदक्ष डुकरं

हस्तलिखित पूर्ण झालं 1944 च्या फेब्रुवारीत. स्टालिन तेव्हा ब्रिटनचा दोस्त होता आणि प्रकाशक अंग चोरत होते. गोलांझनं नकार दिला. जोनाथन केपनं आधी होकार भरला, मग माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन माघार घेतली. राज्यकर्ते म्हणून डुकरं नसती तर कमी लागलं असतं, असंही सुचवलं. जूनच्या अखेरीस ऑर्वेलच्या लंडनमधल्या घरावर जर्मन उडता बाँब पडला आणि कागद ढिगाऱ्यातून उकरून काढावे लागले. तसे चुरगळलेलेच, माफी मागून, त्यानं टी. एस. एलियटकडे पाठवले. कवी एलियट फेबर या प्रकाशनसंस्थेचा संचालक होता.

या दोघांचा एक जुना फोटो आहे, 1942 सालचा, बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसच्या 'व्हॉइस' या कार्यक्रमाचा. टेबलाभोवती एलियट, मुल्कराज आनंद आणि इतर काही जण, मागे उभा ऑर्वेल. आणि डावीकडे साडी नेसलेली एक बाई बसलीय: कोल्हापूरकडच्या वेणू चितळे. त्या ऑर्वेलच्या सहायक होत्या आणि बीबीसीवरून मराठी वार्तापत्र वाचायच्या. मराठीसह काही भारतीय भाषांतल्या वार्तापत्रांचा मूळ इंग्रजी मजकूर ऑर्वेल लिहायचा. युद्धकाळातला सरकारी प्रचारच तो. दोन वर्षं ते काम करून, हे सगळं व्यर्थ आहे असं सांगून तो 1943 च्या नोव्हेंबरात बाहेर पडला आणि लगेच या पुस्तकाला बसला. स्क्वीलरच्या तोंडची भाषा त्यानं मॉस्कोच्या रेडिओवरूनच उचलली असेल, असं मला वाटत नाही.

एलियटनं 13 जुलै 1944 ला उत्तर पाठवलं. लेखनाची तारीफ, पुस्तक नापसंत. त्याचा मुद्दा असा: तुमची डुकरं बाकीच्या जनावरांपेक्षा कितीतरी हुशार आहेत, म्हणून शेत चालवायला तीच लायक. मग कुणी म्हणेल, की इथे आणखी साम्यवादाची नव्हे, आणखी लोकहितदक्ष डुकरांची गरज होती.

यावर हसणं सोपं आहे. पण एलियटनं रूपकाची खरी फट पकडलीय हे मान्य करायला हवं. खऱ्या समाजात राज्यकर्ता आणि रयत एकाच जातीचे प्राणी असतात. शेतकऱ्याचा पोर कमिसार (बडा सोव्हिएत अधिकारी) होतो, कमिसारचा पोर तुरुंगात जातो. प्राणिकथेत वर्गाची प्रजाती होते. कोंबडी जन्मानंच मंद, डुक्कर जन्मानंच चलाख. वर डुकरांनी स्वतःला 'आम्ही डोक्याचं काम करणारे' म्हणवून घ्यावं, आणि लेखकानंही त्यांना खरंच तसं दाखवावं! स्क्वीलरचं अर्धं भाषण लेखकानंच खरं करून ठेवलंय. मग वाचकाचं लक्ष डुकरांच्या स्वभावावर जातं, ती चांगली की वाईट यावर. कोंबडीकडे कुणी बघत नाही.

पण लोकहितदक्ष डुकरानं तरी त्या सकाळी काय केलं असतं? दूध वाटलं असतं. छान. दुसऱ्या दिवशीही. मग एखाद्या वर्षी दुष्काळ पडला असता, जोन्सच्या हल्ल्याची आवई उठली असती, आणि त्यानं अगदी शुद्ध मनानं ठरवलं असतं, की यंदा दूध राखून ठेवू. तेव्हाही 'बघू' म्हणणारा तोच आणि बादलीपुढे उभा तोच. मॅक्डोनाल्डला लिहिलेल्या त्याच पत्रात ऑर्वेलनं म्हटलंय, की कनवाळू हुकूमशाही अशी काही चीजच नसते, आणि क्रांती लोकांनी आपली आपणच केली नाही तर ती होत नाही. एलियटचं नाव त्या पत्रात नाही, पण मला तरी ते त्याला दिलेलं उत्तर वाटतं.

पुस्तक शेवटी सेकर अँड वॉरबर्गनं 17 ऑगस्ट 1945 ला काढलं. आयलीन त्याआधीच मार्चमध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावरच वारली होती. त्याच महिन्यात पॅरिसहून ऑर्वेलनं मजकुरात एक बारीक दुरुस्ती कळवली होती: पवनचक्की उडवली जाते तेव्हा नेपोलियनसकट सगळी जनावरं जमिनीवर लोळण घेतात असं होतं, तिथे नेपोलियन सोडून सगळी, असं करा. नेपोलियन म्हणजे स्टालिन; जर्मन चाल करून आले तेव्हा तो मॉस्को सोडून गेला नव्हता, आणि ते त्याच्या पदरात टाकायलाच हवं, असं ऑर्वेलचं म्हणणं. शत्रूच्या बाबतीतही माप बरोबर हवं.

कोंबडीच्या बाबतीत मात्र आपण कमी पडलो, असं त्याला पुस्तक आल्यावर जाणवलं असावं. जेफ्री गोरर या मित्राच्या प्रतीत त्यानं दूध-सफरचंदांचा तो उतारा खूण करून दिला. मग बीबीसीनं पुस्तकाचं नभोनाट्य करायचं ठरवलं तेव्हा संहिता त्यानं स्वतः लिहिली, आणि सफरचंदांच्या हुकमाच्या जागी चार छोटी वाक्यं नव्यानं घातली. क्लोव्हर विचारते, सफरचंदं अशी घेऊन टाकणं बरोबर आहे का? मॉली घोडी विचारते, म्हणजे सगळी त्यांनाच? म्युरिएल शेळी म्हणते, आम्हाला काहीच नाही? आणि एक गाय म्हणते, मला वाटलं होतं सगळ्यांना सारखी वाटणार.

1947 च्या जानेवारीत कार्यक्रम झाला. निर्माता रेनर हेपनस्टॉल ऑर्वेलचा जुना स्नेही होता. प्रसारणाआधी त्यानं ती चार वाक्यं काढून टाकली होती.